जुन्या नावांचं पॅकेज घ्या, 'मॅचिंग मधलं नाव' मात्र घेऊ नका

बाळासाठी नावं सुचवणाऱ्या ह्या सर्विसला पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. अर्धा कापलाय फॉर्मसाठी आणि एक अख्खा कापलाय तो 'मॅचिंग मधलं नाव' ह्या ॲड-ऑनसाठी. लांबलचक लिहितेय कारण इथे बाकीच्यांनी नुसती बदामं टाकलीयत आणि 'खूप छान सर्विस ताई' एवढंच. पैसे देऊ की नको ह्या विचारात असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

तर मी फोंड्याकडची. घरात बोलणं कोंकणी, लिहिणं-वाचणं मराठी, आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच असतं. भावाला मुलगी झाली आणि आत्या मी एकटीच, म्हणजे कानात कुर्रर्र करायचा मान माझा आणि नाव पसंत पडलं नाही तर जन्मभर बोलणी पण मलाच. फॅमिली ग्रुपवर नावांचा पाऊस पडत होता, मायरा, कियारा, शनाया, अनायरा, आणि वहिनीचं एकच म्हणणं की बालवाडीच्या दारात उभं राहून मी हाक मारली तर माझीच मुलगी वळली पाहिजे, चौघी नकोत. तिला जुनं नाव हवं होतं. कुठलं जुनं ते तिलाही सांगता येत नव्हतं. म्हणून ह्यांचं जुन्या नावांचं पॅकेज घेतलं, 1,499 रुपये, त्यात नावांची पीडीएफ, प्रत्येक नावावर टिपण आणि एक व्हिडिओ कॉल. मधल्या नावाचे 600 वेगळे.

आधी चांगलं सांगते. जुनं म्हणजे किती मागचं, ह्याची ह्यांना नीट जाण आहे. पुष्कळांना वाटतं जुनं म्हणजे आईच्या पिढीचं. पण संगीता, सुनीता, सविता, वर्षा ह्या अजून बँकेत काउंटरवर बसतात, शाळांत मुख्याध्यापिका आहेत, सोसायटीच्या मीटिंगला भांडतात, त्या नावाचं तान्हं बाळ डोळ्यांसमोरच येत नाही. त्यांच्या आधीच्या कुसुम, विमल, प्रमिला, सुलोचना ह्या आपल्या आज्या, त्यांचीही औषधांची डबी अजून टेबलावर आहे. त्याच्याही मागे गेलं की मग नावं परत कोवळी वाटायला लागतात. रमा, मुक्ता, जिजा, सई, आनंदी तर परत आलीच आहेत, आता येसू, गोदा, सगुणा, केसर ह्यांची पाळी. तिकडे इंग्लंडातही हेच झालंय, फ्लॉरेन्स, एल्सी, आयव्ही, एडा ही पणज्यांची नावं आता परत तान्ह्या मुलींना ठेवतात. कॉलवरच्या ताईंनी हे फार छान समजावलं, वहिनीला तेव्हाच पटलं की तिला नक्की काय हवं होतं.

पीडीएफ बघण्यासारखी आहे. उगाच फुलं-फुगे नाहीत. एका पानावर एक नाव, खाली अर्थ, मग हे नाव कुठे कुठे सापडतं, मग घरात त्याचं काय होणार (हे मला सगळ्यात आवडलं), मग शाळेत त्याचं काय होणार. म्हणजे सत्यभामा ठेवलंत तर घरात भामा होणार, भागीरथीची भागी, रुक्मिणीची रखमा, पार्वतीची पारू, यमुनेची यमी, आणि ती यमी तुम्हाला चालणार असेल तरच यमुना ठेवा. गोदावरीखाली सरळ लिहिलंय की वर्गात कोणीतरी 'गोडा मसाला' म्हणणारच. केसरला 'केसर पिस्ता'. असलं स्पष्ट कोणी लिहीत नाही, नावांच्या ॲपमध्ये तर सगळ्याच नावांचा अर्थ 'तेजस्वी' नाहीतर 'देवाची देणगी' असतो.

नक्षत्राचा भाग मी फुकटचा म्हणून घेतला पण त्यात मजा आली. आमची मुलगी हस्त नक्षत्राची. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. पहिल्या चरणावर आली असती तर पूर्वा झाली असती, पण आली चौथ्यावर, म्हणजे ठ. आता ठ वरून मुलीचं नाव सांगा बघू. (तिसऱ्यावर आली असती तर ण. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला तर ङ आहे, त्या आईबापांनी काय करावं?) ॲपमध्ये ठ टाकलं की रिकामं पान येतं. ह्यांच्या पीडीएफमध्ये मात्र दोन नावं होती, ठकू आणि ठमा, आणि खाली ओळ, 'ही आपल्याकडे खरोखर असलेली नावं आहेत, विनोद नाही'. भटजींनी पण सांगितलं की पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू दे, व्यवहाराचं वेगळं ठेवा, पूर्वीपासून तसंच चालतं. तर आमची बाय पत्रिकेत ठकू आहे. भावाला अजून हसू आवरत नाही.

आता गोव्याचं. इथे ह्यांचा गृहपाठ कमी पडतो आणि हे मी जरा रागानेच लिहितेय, कारण फॉर्ममध्ये 'तुमचा भाग' असा रकाना आहे, त्यात मी फोंडा, गोवा असं स्वच्छ भरलं होतं.

केसर ह्या नावाखाली काय लिहिलंय, तर मसाल्यातलं केशर, रंग शुभ, मुलगी तेजस्वी होईल. संपलं. अहो फोंड्याच्या माणसाला केसर नाव सुचवताय आणि केसरबाई केरकर नाहीत? केरी इथेच, फोंडा तालुक्यात, 1892 साली तिथे जन्मलेली बाई, आणि 1977 साली नासाने व्हॉयेजरबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली त्यात जगभरचं संगीत भरलं, त्यात भारतातनं गेलं ते एकटं केसरबाईंचं गाणं, 'जात कहाँ हो', भैरवी. त्या त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या, व्हॉयेजरची दोन्ही यानं तेव्हा नुकतीच निघाली होती. हे टिपणात असतं तर माझ्या भावाने तिथल्या तिथे केसर ठेवलं असतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचंही तेच. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आणि मोगू हे नाव ह्यांच्या यादीतच नाही. किशोरीताई आमोणकरांच्या आईचं नाव आहे ते!

म्हाळसाखाली 'खंडोबाची पत्नी' लिहिलंय. जेजुरीला बरोबर. आमच्याकडे मार्दोळची म्हाळसा ही नारायणी, विष्णूचं मोहिनी रूप, मूळची वेर्ण्याची, पोर्तुगीज काळात देऊळ पाडल्यावर मार्दोळला आणलेली. गोव्यातल्या घरात जाऊन 'म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको' म्हटलं तर लोक नुसते बघत राहतील. मार्दोळला श्रावणात जायांची पूजा होते, अख्खं देऊळ जाईच्या कळ्यांनी भरतं, तेव्हा जाई हे नाव सुचवायचं असेल तर त्याला अर्थ लिहायची गरज तरी पडेल का?

सुरंगी तर 'सुंदर रंगाची' असं लिहून मोकळे. सुरंगी हे झाड आहे हो. उन्हाळा चढायला लागला की फांद्यांवर पिवळीधमक फुलं, आणि बाजारात त्याचे वळेसर (गजरे) काय भावाने मिळतात ते एकदा विचारून बघा. एका माणसाला फोन करून विचारलं असतं तरी कळलं असतं. कॉलवर मी हे सगळं बोलले तर ताईंनी वहीत लिहून घेतलं, भांडल्या नाहीत, 'गोव्याची वेगळी यादी करायलाच हवी' म्हणाल्या. करतील तेव्हा लईराई, केळबाय, म्हामाय, मोरजाय, मिराबाय ह्या देवी बहिणी पण घाला म्हणून सांगितलं. लईराई नाव कोणी ठेवणार नाही हे मला पण कळतं. पण मीरा सध्या घरोघरी आहे, आणि आमच्याकडे त्या बहिणींतली मिराबाय म्हणजेच म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (चर्चमधली मेरी माता), जिच्या फेस्ताला (जत्रेला) हिंदू लोक तेल घेऊन जातात. हे मीराच्या टिपणात नको?

बरं, कॉल. ह्याच्यासाठीच मी स्टार वाढवून देतेय.

फॉर्ममध्ये 'आजीचं नाव', 'पणजीचं नाव' असे एकेक रकाने होते आणि भावाने कागदपत्रं बघून भरून टाकले. पणजी लक्ष्मी. आता लक्ष्मी घरटी एक असते, त्यावर काय करणार. ताईंनी कॉल सुरू झाल्या झाल्या विचारलं, ही नावं सासरची की माहेरची? आणि फॉर्ममध्ये हे का विचारत नाही (अर्धा स्टार इथेच गेला) असं मी म्हणेपर्यंत त्यांनी यमुनेचं पान उघडायला लावलं. तिथे लिहिलंय की 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे पण माहेरच्या यमुना. दोघींचं नाव लग्नात बदललं आणि इतिहासात सासरचं राहिलं. झाशीची राणी मनकर्णिका होती हे सगळ्यांना माहीत असतं पण आपल्या स्वतःच्या पणजीचं कोणी विचारलेलं नसतं. ताई म्हणाल्या जुनं नाव शोधताय ना, मग पुस्तकात कशाला, आजींना विचारा.

आजी तिथेच फणसाचे गरे काढत बसलेली, हाताला तेल, ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर. भावाने ओरडून विचारलं, पणजीचं नाव लक्ष्मीच ना? आजी म्हणते, 'तें घोवाच्या घरचें. कुळारचें न्हय.' म्हणजे ते सासरचं, कुळारचं (माहेरचं) नव्हे. मग कुळारचं काय? तर ती थांबली, सुरी खाली ठेवली, आणि म्हणाली सगुणा. 'कुळारचीं मनशां येत तेन्ना तिका सगू म्हणटालीं.' इतकी वर्षं त्या घरात आम्ही राहतोय आणि कोणाला माहीत नव्हतं. देवघरात जिचा फोटो आहे, खाली लक्ष्मी लिहिलेला, ती मुळात सगुणा.

पीडीएफमध्ये सगुणा होतंच, त्याचं पान आम्ही दोनदा उलटून पुढे गेलो होतो. शिवाजी महाराजांच्या राण्यांत सगुणाबाई, अर्थ गुण असलेली, आणि सगुण-निर्गुण हे संतांच्या अभंगांतनं रोजच्या कानावरचं. घरात सगू होणार, शाळेत फारसं काही होणार नाही. गोव्यात सगुण हे पुरुषाचं नाव पण आहे, आमच्याच वाड्यावर आहेत, तर हजेरीत पहिल्या दिवशी बाई मुलग्यांकडे बघतील, एवढंच. वहिनीने गॅलरीत जाऊन खाली हाक मारून बघितली, 'सगुणाऽऽ', शेवटचा आ लांबवता येतो म्हणून तिला लगेच आवडलं. तीन अक्षरं, पहिलं पटकन जातं, मधल्यावर जरा टेकता येतं. हाक मारून बघणं हे ह्यांच्या पीडीएफमध्ये कुठेच नाहीये, सगळं कागदावर बघायला सांगतात. सुशीला कागदावर किती छान, पण खालच्या अंगणातून हाक मारा, नुसतं 'शीलाऽऽ' ऐकू येतं.

जिवंत आजीचं नाव ठेवू की नको हा प्रश्न मी ताईंना विचारला होता कारण भावाच्या मनात आईचं नाव ठेवायचं होतं. त्यांचं उत्तर एकदम घरगुती होतं: ठेवा, पण रागवायचं कसं ते ठरवा. वहिनीने सासूचं नाव घेऊन 'खाली बस, मार खाशील' म्हणायचं का? आमच्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत अजून आहे बऱ्याच घरांत, आणि म्हणूनच गोव्यात इतके बाब आणि बाय आहेत. कागदावर आजोबा, घरात बाब. पणजीला तो त्रास नाही, ती समोर नसते, आणि रागवायचं तर ते सगूला रागवायचं.

आता ते 600 रुपये.

'मॅचिंग मधलं नाव' म्हणजे काय, तर पहिल्या नावाला शोभेल असं दुसरं नाव. ही पद्धत तिकडची. इंग्रजांत मधलं नाव हे मुलीचं स्वतःचंच दुसरं नाव असतं, घराणं आडनावात येतं, त्यामुळे मधली जागा मोकळी, तिथे आजीचं नाव घाला, रोझ घाला, ग्रेस घाला. त्यांचे ठोकताळे पण आहेत, पहिलं छोटं तर मधलं लांब, पहिल्याच्या शेवटी स्वर आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला स्वर असेल तर बोलताना चिकटतात, तिन्ही आद्याक्षरं मिळून भलतं काही व्हायला नको. चांगलंय, त्यांच्याकडे ते चालतं. आपल्याकडे मधल्या जागेवर बाप बसलेला असतो! त्याला उठवून कुठे बसवायचं हे ह्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही.

रिपोर्ट आला तो असा: सगुणा मीरा, सगुणा आर्या, केसर तारा, राधा रमा, प्रत्येकापुढे 'फ्लो स्कोर', दहापैकी साडेआठ वगैरे. सगुणा आर्यात तर त्यांचा स्वतःचाच स्वरांचा नियम मोडलाय. आणि राधा रमा ऐकून मला वाटलं दोघी बहिणींना एकदमच जेवायला बोलावतायत. हे स्कोर कशावरून काढले विचारलं तर 'आमची मेथड आहे'. बापाचं नाव आणि आडनाव फॉर्ममध्ये घेतलं होतं, ते स्कोरमध्ये कुठेच धरलेलं नाही. जुळवायचं तर त्याच्याशी ना! भावाचं नाव समजा मंगेश (खरं लिहीत नाही), आडनाव कर ने संपणारं, आमच्याकडे बहुतेकांचं असतंच. आता गंगा मंगेश म्हणून बघा, तोंडात घंटा वाजते. केसर मंगेश अमुककर, शेवटी सर आणि कर येऊन यमक होतं. केसरबाई केरकर हे नाव इतकं भारदस्त लागतं ते मधल्या बाईमुळे, बाई काढा आणि म्हणून बघा. सगुणा मंगेश अमुककर सरळ चालतं. ह्यासाठी 600 रुपये लागत नाहीत, चारदा मोठ्याने म्हणायला लागतं.

शेजारच्या कॅथलिक आंटींना मी हा रिपोर्ट दाखवला तर त्या पोट धरून हसल्या. त्यांच्या घरात सगळ्या बायकांच्या नावात मारिया, मग सांताचं नाव, मग आईचं आडनाव, मग बापाचं, अशी आगगाडी पहिल्यापासून आहे. पिएदाद, कॉन्सेसांव, फिलोमेना, पेर्पेतुआ असली त्यांची आज्यांची नावं आता त्यांच्याकडे पण कोणी ठेवत नाही म्हणून त्या हळहळत होत्या. आईचं नाव पुढे नेण्यात मात्र ते आपल्या कितीतरी पुढे.

आणि तिथूनच आमच्या घरात खरं भांडण लागलं. वहिनीचं माहेर सावंतवाडीचं, तिच्या बहिणीला मुलगी झाली ती 1 मे 2024 नंतर. महाराष्ट्रात त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला. ह्यांच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तोच क्रम 'नियमानुसार' म्हणून छापलाय. तो नियम महाराष्ट्राचा. आम्ही गोव्यात. गिऱ्हाईक कुठल्या राज्यातलं आहे ते बघून तरी पान जोडा की. पण त्या पानाने वहिनीला मुद्दा मिळाला, बहिणीचं नाव लेकीच्या नावात आहे मग माझं का नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. भावाने 'फॉर्ममध्ये मावत नाही' वगैरे सांगून बघितलं. शेवटी नोंदणीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तिथल्या माणसाने सांगितलं नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा पण जे लिहाल तेच सगळीकडे लिहा, नंतर आधारला एक आणि शाळेत एक करू नका. तर सगुणा, मग वहिनीचं नाव, मग भावाचं, मग आडनाव. लांब झालंय. होऊ दे. मधलं नाव मॅचिंग हवं होतं ना, मिळालं, आणि ते वहिनीने सुचवलं.

घाई करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण ही सर्विस 'एक्सप्रेस डिलिव्हरी'चे जास्त पैसे घेते आणि 'जन्मदाखल्यासाठी लगेच नाव लागतं' असं सांगून ते विकते. तसं नसतं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय पण होते. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत फुकट, त्याच्यानंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. पण घातल्यावर मात्र ते नीट बघून घाला, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन, मतदारयादी, लग्नाची नोंदणी सगळ्याला जन्मदाखलाच धरतात. गोव्यात नाव बदलायला 1990 चा वेगळा कायदा आहे, पण त्या खटाटोपात कशाला पडायचं. जुन्या नावांना तर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच. द्वारका डब्ल्यूने की व्हीने, येसूत यू की दोन ओ, कृष्णाला शेवटी ए एक की दोन, हे दाखल्याच्या आधी ठरवा. पोर्तुगीज काळातल्या कागदांवर आमच्याकडे श साठी एक्स लिहायचे, शांताचं स्पेलिंग एक्सने सुरू व्हायचं, तेव्हा पणजीचं स्पेलिंग जुन्या कागदावरून जसंच्या तसं उचलायला जाऊ नका. ह्यांच्या पीडीएफमध्ये प्रत्येक नावाची दोन-तीन स्पेलिंगं दिलीयत, ते काम चांगलं केलंय.

तर घ्यायचं की नाही? घरात कोणी जुनं माणूस असेल आणि त्याच्याशी बसून बोलायला तुम्हाला वेळ असेल तर निम्मं काम तिथेच होतं, ताई पण तेच सांगतात, स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध. पण आम्ही 1,499 दिल्याशिवाय आजीला विचारलं नसतं हे पण खरं. कॉलसाठी घ्या, कॉलच्या वेळी घरातली म्हातारी माणसं समोर बसवा, आणि फॉर्ममध्ये पणजीच्या रकान्यात माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा, ते विचारणार नाहीत. साधं नक्षत्राचं पॅकेज वेगळं घेऊ नका, ते ह्यात येतंच. मॅचिंगचं अजिबात नको. मी तक्रार केल्यावर 600 मधले 300 परत केले, बाकीच्याला 'मेहनत झाली' म्हणाले. पैसे फोनवरून घेतात, पावती आपणहून देत नाहीत, मागितली की त्याच दिवशी येते.